आधी ऐकणारे केंद्र, मग महागडी हँडी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की कोकणातले ट्रेकिंगचे गट, आपत्तीच्या वेळी धावून जाणारे स्वयंसेवक आणि नुकतेच लायसन्स हाती पडलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, एकच गोष्ट विचारू लागतात : एपीआरएस पद्धतीने आपले ठिकाण आपोआप कळवणारी हँडी (हातातला वायरलेस संच) कोणती घ्यावी? केनवुड, याएसू की स्वस्तातली चिनी? मग कोणीतरी पदरमोड करून जीपीएसवाला संच घेतो. पडद्यावर अक्षांश-रेखांश झळकतात, दर दोन मिनिटांनी लाल दिवा लागतो, नकाशावर मात्र काहीच उमटत नाही. संच बिघडलेला नसतो. त्याचे ऐकायला टप्प्यात कोणी नसते, एवढेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडात सुरुवात करणाऱ्यांनी खरेदीचा क्रम उलटा लावावा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

रेडिओवरून ठिकाण कळवण्याची एपीआरएस ही पद्धत अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केली. हँडीतला जीपीएस ठिकाण काढतो, संच ते कॉलसाइनसह (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखनावासह) एका छोट्या पॅकेटमध्ये बसवतो आणि १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत, १२०० बॉडच्या वेगाने, साध्या एफएमवर सोडून देतो. कानाला ती अर्ध्या-एक सेकंदाची खरखर वाटते. हे पॅकेट डिजिपीटरने ऐकले तर तो ते जसेच्या तसे पुन्हा प्रसारित करतो. आयगेटने ऐकले तर ते इंटरनेटवर जाते आणि एपीआरएस डॉट एफआय या नकाशावर दिसते. ठिकाणाच्या पॅकेटला पोच नसते. पोहोचले नाही तर संच ते पुन्हा पाठवत नाही आणि आपल्याला काही कळतही नाही. म्हणूनच समोर ऐकणारा कान असल्याशिवाय या खेळाला अर्थ नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात वीज गेली आणि तिच्यामागोमाग मोबाइल टॉवरही गेले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली. अशा वेळी फोनवरचे लाइव्ह लोकेशन निरुपयोगी ठरते आणि टॉवरशिवाय थेट रेडिओलहरींवर चालणारी ही जुनी पद्धत कामाला येते. पण तिचे केंद्र त्याआधी उभे असावे लागते. पूर चढत असताना अँटेना बांधता येत नाही.

ऐकणारे केंद्र उभारणे जीपीएसवाल्या हँडीपेक्षा स्वस्त आहे. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ रिसीव्हर), एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा अडगळीत पडलेला लॅपटॉप, डायरवुल्फ हे पॅकेट उलगडणारे मोफत सॉफ्टवेअर आणि छपरावर एक अँटेना, एवढ्यात फक्त ऐकणारा आयगेट तयार होतो. तो काहीच प्रसारित करत नाही, त्यामुळे कोणाला त्रास होण्याचा प्रश्न नाही. डायरवुल्फच्या फाइलमध्ये कॉलसाइनपुढे -१० जोडा (हा आकडा केंद्राचा प्रकार सांगतो), सर्व्हर म्हणून एशिया डॉट एपीआरएस२ डॉट नेट, पोर्ट १४५८० आणि कॉलसाइनवरून निघणारा पासकोड द्या. हा पासकोड फक्त इंटरनेटच्या बाजूला लागतो, रेडिओवर नाही. बरेच जण हँडीच्या मेनूत तो शोधत बसतात.

डोंगल घेताना टीसीएक्सओ (तापमान बदलले तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा भाग) असलेलाच घ्या. अगदी स्वस्त डोंगलची फ्रिक्वेन्सी ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० ने) सरकलेली असू शकते. १४४ मेगाहर्ट्झवर ती चूक सात किलोहर्ट्झच्या घरात जाते आणि आवाज ऐकू येऊनही पॅकेट उलगडत नाही. तोच डोंगल वापरायचा असेल तर चूक मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरा. शहरात एफएम प्रसारण केंद्र जवळ असेल तर डोंगलचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) कमी करा आणि मध्ये एफएम अडवणारा फिल्टर लावा. नाहीतर डोंगल बहिरा होतो. डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटपुढे आवाजाची पातळी दाखवतो. ती ५० च्या आसपास ठेवा.

अँटेना घरी करता येतो. एसओ-२३९ सॉकेटच्या मधल्या पिनेला पितळेची किंवा तांब्याची ५२ सेंटिमीटरची सळई डाखा. चार कोपऱ्यांच्या भोकांत तेवढ्याच चार सळया बसवून त्या ४५ अंशांत खाली वाकवा. उभी सळई थोडी थोडी कापत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) दीडच्या आत आणा. ती साधारण ४९ सेंटिमीटरवर थांबते. केबलकडे मात्र दुर्लक्ष नको. आरजी-५८ या बारीक केबलची १० मीटर लांबी या बँडवर सुमारे २ डीबी खाते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त सिग्नल केबलमध्येच जिरतो. जाड आरजी-२१३ त्याच्या निम्म्याहूनही कमी खाते. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत खारा वारा एका मोसमात पीएल-२५९ कनेक्टर हिरवा करतो आणि पाणी केबलच्या आतल्या तारांच्या वेणीतून केबलभर उतरते. जोडावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, त्यावर काळी इन्सुलेशन टेप आणि खाली केबलला पाणी गळून जाण्यासाठी एक वळण एवढे केले तर पावसाळा निघतो. जांभ्याच्या खडकात अर्थिंग मनासारखे लागत नाही. म्हणून वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांच्या वेळी केबल काढून ठेवणे शहाणपणाचे.

जागा निवडणे हा या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि कोकणात नेमका तोच चुकतो. दोन मीटर बँडचा, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा, टप्पा साधारण नजरेच्या टप्प्याएवढा. किलोमीटरमधले अंतर म्हणजे दोन्ही टोकांच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळांची बेरीज गुणिले ४.१२. हातातली हँडी दीड मीटरवर धरली तर तिचा वाटा पाच किलोमीटरचा. समोरचा अँटेना १०० मीटर उंच सड्यावर (जांभ्याच्या सपाट पठारावर) असेल तर त्याचे ४१, म्हणजे एकूण ४६. तोच अँटेना खाडीकाठच्या एकमजली घरावर, समजा सात मीटरवर असेल, तर एकूण १६. मधे डोंगर आला तर तेही नाही. पाच वॅटचे दहा वॅट करून जे मिळत नाही ते शंभर मीटर चढून मिळते.

पण आपल्याकडचा सडा फसवाही असतो. सड्यावरून समुद्र आणि समोरचा सडा दिसतो. मधल्या खोऱ्यातली वाडी मात्र सावलीत राहते, आणि दरडी कोसळतात त्या नेमक्या अशाच घाटपायथ्याच्या वाड्यांवर. त्यामुळे एका उंच केंद्राने जिल्हा झाकला जाईल या भ्रमात राहू नये. चिपळूणसाठी गुहागरच्या उंचवट्यावरचे केंद्र पुरेसे नाही. परशुरामच्या डोंगरावरून शहर आणि वाशिष्ठीची खाडी दोन्हींवर नजर पडते, तिथले केंद्र हवे. सावंतवाडीच्या बाजूला आंबोलीची उंची सुमारे ७०० मीटर. सूत्राने शंभर किलोमीटरहून जास्त टप्पा निघतो, पण कड्याच्या पोटाशी असलेल्या गावांसाठी खाली एक छोटे पूरक केंद्र लागेलच. निर्णय घेण्याआधी एकाने वर आयगेट लावून बसावे आणि दुसऱ्याने हँडी घेऊन वाड्या-वाड्या फिरावे. कुठून पॅकेट पोहोचले आणि कुठून नाही याचा नकाशा एका दिवसात हाती येतो.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात समुद्रावर हवेच्या थरांची नळी तयार होते आणि दोन मीटरचे सिग्नल अशक्य वाटावे इतके दूर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत ते याच कारणाने. मार्चमधल्या संध्याकाळी देवगडहून निघालेले पॅकेट कुठल्या कुठे पोहोचले म्हणून हुरळून जाऊ नका. जुलैत ते मिळणार नाही. टप्प्याची चाचणी पावसातच घ्यावी.

आता हँडी. हॅमच्या दोन मीटर बँडची भारतातली हद्द १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. एपीआरएससाठी उत्तर अमेरिकेत १४४.३९० आणि युरोपात १४४.८०० वापरतात. संच ज्या बाजारासाठी बनला तिथली फ्रिक्वेन्सी त्यात आधीच भरलेली असते. दोन्ही आपल्या हद्दीत बसतात, म्हणून चूक लक्षात येत नाही आणि दोन शेजारी दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर महिनोन्‌महिने एकमेकांना शोधत राहतात. जवळचा आयगेट चालवणाऱ्याला विचारून तो ऐकतो तीच ठेवा. नवीन केंद्र उभारत असाल तर मुंबई, पुणे आणि गोव्याच्या हॅमशी बोलून सगळ्यांची एकच ठरवा.

कॉलसाइनपुढे -७ लावा, हातातल्या संचासाठी तोच रूढ आहे. गाडीला -९, होडीला -८. चिन्ह माणसाचे निवडा. पाथमध्ये, म्हणजे डिजिपीटरांनी पॅकेट किती वेळा पुढे पाठवावे हे सांगणाऱ्या जागी, ‘वाइड१-१, वाइड२-१’ एवढेच पुरे. कोणी वाइड७-७ लिहायला सांगितले तर ऐकू नका. त्याने टप्पा वाढत नाही, फक्त तेच पॅकेट पुन्हा पुन्हा फिरून चॅनेल अडवते. घरच्या आयगेटवर चाचणी घेताना पाथ रिकामा ठेवा. चालताना दर दोन-तीन मिनिटांनी एक बीकन (ठिकाणाचे पॅकेट), एका जागी बसलात तर अर्ध्या तासाने एक. वेग आणि दिशेप्रमाणे बीकन सोडणाऱ्या स्मार्ट बीकनिंगची सोय असेल तर वळणाला जास्तीचे बीकन जातील असे लावा. घाटवाटेवर त्याचा खरा उपयोग होतो. केनवुड आणि याएसूच्या संचांत माइक-ई या पॅकेटच्या आखूड प्रकारात ‘इमर्जन्सी’ असा एक दर्जा असतो. गंमत म्हणूनही त्याला हात लावू नये, समोरच्या संचांवर गजर वाजतो.

बॅटरी वाचावी म्हणून शक्ती अर्ध्या वॅटवर आणणारे बरेच भेटतात. हिशेब मांडून पाहा. दोन मिनिटांनी एक पॅकेट धरले तर तासाला ३० पॅकेटे, फार तर ३० सेकंदांचे प्रसारण. पाच वॅटला दीड अँपिअर धरला तरी तासाला १२-१३ मिलिअँपिअर-तास. बॅटरी खातात ते दिवसभर चालू असलेले जीपीएस, रिसीव्हर आणि पडद्याचा उजेड. शक्ती पाच वॅटच ठेवा, पडदा विझवा. आणखी एक फुकटातली सुधारणा : ४९ सेंटिमीटरची मऊ वायर अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला घट्ट गुंडाळून खाली लोंबकळू द्या. रबरी अँटेनाला हवी असलेली जमीन (ग्राउंड) मिळते आणि फरक लगेच जाणवतो. संच पाण्याच्या बाटलीशेजारी सॅकमध्ये कोंबू नका, खांद्याच्या पट्ट्यावर उभा बांधा.

साध्या चिनी हँडीवरही हे जमते. तिला केबलने अँड्रॉइड फोन जोडायचा आणि एपीआरएसड्रॉइड हे ॲप वापरायचे. बहुतेकांचे हात इथेच पोळतात. ड्युअल वॉच बंद करा, नाहीतर संच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर डोकावत असताना पॅकेटची सुरुवात हुकते आणि कधी प्रसारणच भलत्या फ्रिक्वेन्सीवर होते. बॅटरी सेव्ह बंद, सीटीसीएसएस (टोन) बंद, स्क्वेल्च (खरखर अडवणारी सोय) शून्यावर, बँडविड्थ वाइडवर. प्रसारण व्हॉक्सने (आवाज ऐकून आपोआप) सुरू होत असेल तर संच जागा व्हायला वेळ लागतो आणि पॅकेटचे डोके कापले जाते. म्हणून ॲपमध्ये पॅकेटच्या आधीचा भाग अर्ध्या सेकंदाहून लांब ठेवा. फोनचा आवाज पूर्ण वाढवला की सूर फाटतात. कानाला दणदणीत ऐकू येणारे पॅकेट आयगेटला मात्र उलगडत नाही. निम्म्यापासून सुरू करून डायरवुल्फकडे पाहत आवाज लावा. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपचा टिंग आवाज सगळ्या जिल्ह्याला ऐकू जातो. ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, कारण पडदा बंद झाल्यावर अँड्रॉइड ते गुपचूप मारून टाकतो. एवढी यातायात नको असेल तर ब्लूटूथवर चालणारा छोटा टीएनसी (पॅकेट बनवणारा आणि उलगडणारा मोडेम) घ्या. तो पीटीटी (प्रसारणाचे बटण) स्वतः दाबतो, आणि हेडफोनची खाच नसलेल्या नव्या फोनसाठी तोच सरळ मार्ग आहे.

जीपीएस नसलेल्या संचात ठिकाण हाताने भरताना एक चूक हमखास होते. नकाशावरचे अंक दशांश अंशांत असतात, एपीआरएसला अंश आणि मिनिटे लागतात. रत्नागिरीचे ७३.३० पूर्व रेखांश म्हणजे ७३ अंश १८.०० मिनिटे. ते ७३ अंश ३० मिनिटे असे भरले तर तुम्ही नकाशावर सुमारे २१ किलोमीटर पूर्वेला, घाटाच्या दिशेने सरकता. अक्षांश १६.९९ चे १६ अंश ५९.४० मिनिटे होतात. दशांशाचा भाग ६० ने गुणायचा, बस्स. शोधपथकाच्या दृष्टीने २१ किलोमीटर म्हणजे दुसरा तालुका.

नकाशावर ठिपका दिसला म्हणजे रेडिओ चालला, असेही नाही. एपीआरएसड्रॉइड थेट इंटरनेटवरूनही ठिकाण पाठवू शकतो आणि नवशिके त्यावरच समाधान मानतात. एपीआरएस डॉट एफआयवर मूळ पॅकेट उघडून पाहा. त्यात टीसीपीआयपी आणि क्यूएसी ही अक्षरे असतील तर ते फोनच्या डेटावरून आले. क्यूएआर किंवा क्यूएओ आणि पुढे आयगेटचे नाव असेल तर ते हवेतून आले. सरावाच्या दिवशी फोनचा डेटा बंद करूनच हँडी तपासावी. हा नकाशा साऱ्या जगाला खुला आहे, हेही ध्यानात असू द्या. घरातून सतत बीकन पाठवणे म्हणजे घरचा पत्ता जाहीर करणे.

परिसरात अजून कोणीच ऐकत नसेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आहे. त्यावरचा डिजिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर चालतो, पाथमध्ये ‘एआरआयएसएस’ लिहायचे. तो कधी कधी बंद असतो, तेव्हा आधी कान देऊन पाहा. पश्चिमेकडे मोकळा समुद्र असलेला कोणताही किनारा यासाठी उत्तम. तीन दांड्यांचा हातातला यागी अँटेना आणि पाच वॅट पुरतात. फेरी जेमतेम दहा मिनिटांची असते, तेवढ्यात मोजकीच पॅकेटे सोडा. संच नीट चालतो की नाही हे यावरून निश्चित कळते.

लोरा या कमी शक्तीच्या, दूर पल्ल्याच्या वेगळ्या रेडिओ पद्धतीवरचा ट्रॅकर घेणाऱ्यांना सावध करणे भाग आहे. युरोपात लोरावरचे एपीआरएस ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर चालते आणि बाजारातले तयार बोर्ड त्याच आकड्यावर लावून येतात. आपल्या हॅमची हद्द ४३४ ते ४३८ आहे. म्हणजे बोर्ड पेटीतून काढून तसाच चालू केला की नियमभंग झालाच. लायसन्सचेही तेच. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन कॉलसाइन मिळाल्याशिवाय हँडी वापरू नये आणि विकतही घेऊ नये. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो आणि परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स कोडची अट नाही. मच्छीमार बांधवांनी याकडे होडीवरची सोय म्हणून पाहू नये. हौशी परवान्यावर धंद्याचे संदेश चालत नाहीत, आणि समुद्रात मदत मागायची ती मरीन व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर.

आयगेटला इंटरनेट लागते, ते गेले की तो थिजतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यात डिजिपीटर हवा. त्याला प्रसारण करायचे असल्याने परवानगीचे काम आधी उरकावे. वीज गेल्यावर तो चालायचा तर हिशेब असा : संच आणि छोटा संगणक मिळून सरासरी ०.४ अँपिअर धरले, तर १२ व्होल्टवर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास. जुलैच्या सलग झडीत सोलर पॅनेलवर भरवसा ठेवता येत नाही. तीन दिवस निघायला ४० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी लावा. डिजिपीटर उभा असला की इंटरनेटशिवायही पथकातल्या हँडी एकमेकींना नकाशावर पाहतात. ६७ अक्षरांपर्यंतचे छोटे संदेशही जातात. ते रोमनमध्ये लिहावेत, हँडीच्या पडद्यावर देवनागरीची रांगोळी होते.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना आणि किनाऱ्यावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आमची विनंती : सड्यावरच्या किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या इमारतीची गच्ची, अँटेनासाठी तीन मीटरचा जीआय पाइप आणि इन्व्हर्टरवरचा एक प्लग पॉइंट स्थानिक परवानाधारक हॅमना द्यावा. एका आयगेटचे सामान मध्यम किमतीच्या मोबाइलपेक्षा महाग पडत नाही, आणि विद्यार्थ्यांचा गट दोन सुट्यांत ते जोडू शकतो. जागा मेअखेरीपूर्वी मिळाली तर जूनमधल्या पहिल्या पावसात टप्प्याची चाचणी घेता येईल.

आपले,
किनाऱ्यावरचे काही परवानाधारक हॅम, रत्नागिरी